वैद्यकीय विद्यार्थी आणि अन्नसुरक्षा: उत्तरं बरोबर, सवयी चुकीच्या, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या वर्षाच्या काही एमबीबीएस विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहात अन्नसुरक्षेवर प्रश्नावली भरून घेतली. ज्ञानाच्या भागात बहुतेकांना चांगले गुण मिळाले. पण तीच मुलं रात्री उशिरा गार झालेला डबा खातात, वॉर्डातून एप्रनसकट कँटीनला जातात, पोट बिघडलं की स्वतःच गोळी घेतात. असं का होतं, पुढच्या वेळी काय विचारायचं आणि वसतिगृहात नेमकं काय बदलायचं, हे त्यांना हवं आहे; पुढचं उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

ज्ञानाचे गुण चांगले आले, कारण प्रश्नच परीक्षेतले होते. साल्मोनेला या जंतूचा इन्क्युबेशन पिरियड (शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) किती, स्टॅफिलोकॉकस या जंतूचं टॉक्सिन, म्हणजे विष, उष्णतेला टिकतं का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला यायलाच हवं. अभ्यासक्रमात अन्नविषबाधा जंतूंच्या नावाने शिकवली जाते: एक जंतू, त्याचं टॉक्सिन, त्याची लक्षणं. मेसमध्ये मात्र ताटात भात, वरण आणि रस्सा येतो. तो कधी शिजला, मधले तीन तास कुठे होता आणि किती गरम होता, यावर सगळं ठरतं. वेळ आणि तापमान या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या डोक्यात जंतूच्या नावाशी जोडलेल्याच नसतात. सवय इथे चुकते, आणि तुमच्या प्रश्नावलीत हे विचारलेलंच नाही.

डब्यापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. संध्याकाळी साडेसहाला भाजी शिजली, सातला स्टीलच्या डब्यात भरली, साडेसातला खोलीबाहेर टांगली गेली. विद्यार्थी लायब्ररीतून किंवा ड्यूटीवरून येतो अकराला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवायचं, आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. साधा स्टीलचा डबा ६० अंशांखाली फार लवकर येतो. पुढचे काही तास तो ३० ते ४५ अंशांत घुटमळतो, म्हणजे हाताला कोमट लागतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जंतू ४३ ते ४५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो आणि अनुकूल अन्नात साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब मांडून पाहा: एका तासात ६४ पट, दोन तासांत ४,०९६ पट. ‘अजून जरा गरम आहे, चालेल’ असं म्हणून जो डबा खाल्ला जातो, तो बरेचदा नेमका याच टप्प्यात असतो. आतून स्टील असलेला, गरम ठेवणारा महागडा डबाही तपासल्याशिवाय सुरक्षित धरू नका. आत भरताना भाजी ७५ अंशांची असेल आणि डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतला असेल, तर तो काही काळ ६० च्या वर राहतो. भरतानाच भाजी ५५ ची असेल, तर तोच डबा तिला तासन्‌तास कोमट ठेवून जंतूंची सोय करतो.

डब्यातले सगळे पदार्थ सारखे धोक्याचे नसतात, आणि हे विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांना निर्णय घेता येतो. पोळी, भाकरी, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, लोणचं यांत जंतूंना वाढायला मोकळं पाणी कमी असतं. त्या दिवशी ते रात्री अकरालाही खाता येतं. भात, वरण, आमटी, रश्श्याची भाजी, अंडाकरी, पनीर, उकडलेला बटाटा आणि दही घातलेली कोशिंबीर हे मात्र वेळेत खायचे पदार्थ. चिकनबद्दल सगळे सावध असतात. भात आणि बटाट्याबद्दल कोणी नसतं. शाकाहारी मुलांना तर विषबाधा आपल्याला होतच नाही असं वाटतं, तो गैरसमज आधी काढा.

उपाय मेसच्या पातळीवर करायचा, मुलांना ‘वेळेवर जेवा’ असं सांगून काही होत नाही. ज्यांची लायब्ररी किंवा ड्यूटी उशिरा संपते त्यांची यादी दुपारी चारपर्यंत मेसला द्या. त्यांचे डबे सातला न भरता साडेनऊला भरायचे. तोपर्यंत अन्न झाकण ठेवून, अधूनमधून ढवळत, गरम पाण्याच्या काउंटरवर ६० अंशांच्या वर ठेवायचं. तो काउंटर अन्न गरम राखायला असतो, गार अन्न तापवायला नसतो. गार वरण त्यात ठेवलं तर ते तासभर कोमटच राहतं. म्हणून अन्न आधी गॅसवर उकळायचं, मग तिथे ठेवायचं. हे जमत नसेल तर उशिराच्या डब्यात फक्त पोळी, कोरडी चटणी, लोणचं आणि एखादं सोलायचं फळ द्या. रस्सा नाही म्हणून तक्रार येईल, पण रात्री तीनला उलट्या होणार नाहीत.

आता भात. रात्रीचा उरलेला भात पातेल्यातच ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, हे घरोघरी चालतं आणि मेसमध्ये मोठ्या प्रमाणावर चालतं. बॅसिलस सेरियस या जंतूचे स्पोअर (कठीण कवचातलं त्याचं सुप्त रूप) भात शिजताना मरत नाहीत. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी भात कित्येक तास कोमट राहतो, स्पोअर उगवतात, जंतू वाढतात आणि सेरुलाइड नावाचं उलटी घडवणारं टॉक्सिन तयार करतात. हे टॉक्सिन १२१ अंशांच्या तापमानालाही तासाभराहून जास्त टिकतं. म्हणजे सकाळची मोहरी-हळदीची फोडणी जंतू मारेल, टॉक्सिनचं काही वाकडं करणार नाही. नाश्त्यानंतर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. मुलं त्याला पित्त म्हणतात आणि लेक्चर बुडवून झोपतात. फोडणीचा भात बंद करायची गरज नाही. जेवण संपल्यावर लगेच उरलेला भात परातीत दोन इंचांपेक्षा कमी थरात पसरा, पंख्याखाली गार करा आणि तासाभराच्या आत उथळ भांड्यात फ्रिजमध्ये टाका. मोठ्या स्वयंपाकघरांत पाळायचा नियम असा: ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि २१ वरून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर हे कधीच साधत नाही. उलट फ्रिजमधलं बाकीचं अन्नही गरम होतं. दुसऱ्या दिवशी तो भात एकदाच, वाफा येईपर्यंत तापवायचा. उरला तर टाकून द्यायचा.

पुन्हा गरम करण्यावर विद्यार्थ्यांचा भलताच विश्वास असतो, म्हणून त्याची विभागणी नीट समजून घ्या. परफ्रिन्जेन्सचं टॉक्सिन आपल्या आतड्यात तयार होतं, त्यासाठी जिवंत जंतू मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात. त्यामुळे रस्सा खळखळून उकळला तर तिथे फायदा होतो. साल्मोनेला ७० अंशांना मरतो. स्टॅफिलोकॉकस आणि बॅसिलस सेरियसचं उलटीचं टॉक्सिन मात्र अन्नात आधीच तयार झालेलं असतं आणि उकळल्याने ते जात नाही. स्टॅफिलोकॉकस येतो तो शिजवणाऱ्याच्या नाकातून, बोटावरच्या फोडातून, पिकलेल्या नखातून. साधारण चारातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो असतोच. म्हणून शिजल्यानंतर हाताने हाताळलेल्या पदार्थांवर नजर ठेवा: किसलेलं खोबरं, कुस्करलेला बटाटा, पनीर, खव्याचे पेढे. सुट्टीनंतर घरून आलेले पेढे आणि खव्याच्या पोळ्या रात्रभर एसटीत प्रवास करून वसतिगृहात येतात आणि मग आठवडाभर कपाटात राहतात. त्यांना वासही येत नाही. वास आणि चव बिघडते ती वेगळ्या जंतूंमुळे. आजार देणारे जंतू बहुधा अन्नाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. ‘वास घेऊन पाहिला, चांगला होता’ हे वाक्य वैद्यकीय विद्यार्थ्याच्या तोंडी अजिबात नको.

हातांच्या बाबतीत एक चूक खास वैद्यकीय विद्यार्थ्यांचीच आहे. वॉर्डात अल्कोहोल रबची (हातांना चोळायच्या सॅनिटायझरची) सवय लागते, ती चांगली आहे, पण तीच सवय ते जेवणाच्या टेबलावर आणतात. अल्कोहोल रब स्वच्छ दिसणाऱ्या हातांसाठी आहे. तेलकट किंवा मळक्या हातावर ते नीट काम करत नाही, स्पोअरवर काहीच करत नाही आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर फार कमी करतं. आपण हाताने जेवतो, म्हणून जेवणाआधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण ४० ते ६० सेकंद, अंगठे आणि नखांच्या खालचा भाग धरून. नंतर फोन हातात घेतला तर धुणं वाया गेलं. वॉर्डात राउंडला, शौचालयात आणि ताटाशेजारी एकच फोन फिरत असतो. जेवताना तो खिशात किंवा बॅगेत ठेवा. एप्रन आणि स्टेथोस्कोप कँटीनच्या दाराबाहेर राहिले पाहिजेत. त्यासाठी दाराशी खुंट्या हव्यात. खुंटी नसेल तर नियमाचा फलक लावून उपयोग नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी डिसेक्शन हॉलमधून (शवविच्छेदनाच्या वर्गातून) थेट मेसला जाण्याचा रस्ता तोडा: हॉलच्या बाहेरच्या बेसिनवर साबण सतत असेल एवढं पाहिलं तरी बराच फरक पडतो.

इंटर्न आणि निवासी डॉक्टरांच्या ड्यूटी रूममधला फ्रिज हा वेगळा विषय आहे. लसी, इन्सुलिन, कधी रक्ताचे नमुने, आणि त्यांच्या शेजारी दही आणि कालचा डबा. हे दोन्ही बाजूंनी वाईट आहे. नमुन्याची बाटली गळली तर अन्न दूषित होतं. जेवणासाठी दार वारंवार उघडल्याने लसींचं २ ते ८ अंशांचं तापमान बिघडतं. अन्नासाठी वेगळा फ्रिज नसेल तर ड्यूटी रूममध्ये नासणारं अन्न ठेवूच नका. खोल्यांमधले छोटे फ्रिज उन्हाळ्यात बरेचदा १० अंशांच्या वर चालतात. आत थर्मामीटर ठेवा, ५ पेक्षा जास्त दाखवत असेल तर कळ वळवा, बर्फाचा थर काढा, ठासून भरू नका. कच्चं चिकन आणि अंडी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. कच्चं चिकन बेसिनमध्ये धुवू नका. त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या ताटांवर उडतात, आणि शिजवताना जंतू मरणारच असतात.

पाण्याबद्दल मुलं निश्चिंत असतात, कारण मेसमध्ये आरओ (पाणी शुद्ध करणारं यंत्र) असतो. आरओ क्लोरीनही काढून टाकतो. म्हणजे त्यातून निघालेलं पाणी जारमध्ये किंवा टाकीत साठवलं की त्यात संरक्षण उरत नाही. जारच्या तोंडाला लागलेला एक हात पुरतो. साठवणीच्या टाकीचं पाणी क्लोरीनयुक्त ठेवा, एका तासाच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावा. पाण्यातला क्लोरीन मोजायची ऑर्थोटोलिडिनची चाचणी पीएसएमच्या (सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या) प्रात्यक्षिकात शिकवतातच. ती महिन्यातून दोनदा आपल्याच मेसच्या नळावर करा. पुणे परिसरात जानेवारी २०२५ पासून, मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या भागात, गिया बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणाऱ्या आजाराचे) दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर होता. असा एक साधा जंतू माणसाला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकतो, हे त्या वेळी रुग्णालयांत काम करणाऱ्या इंटर्नांनी जवळून पाहिलं.

कोशिंबीर, चिरलेला कांदा-काकडी, हिरवी चटणी आणि ताक हे शिजत नाहीत, म्हणून त्यांचं पाणी आणि ते चिरणारे हात दोन्ही महत्त्वाचे. सॅलडच्या भाज्या आधी पिण्याच्या पाण्याने माती जाईपर्यंत धुवायच्या, मग ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवायच्या, पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवायच्या आणि मग चिरायच्या. प्रमाण सोपं आहे: ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरला सव्वा मिलिलिटर, १० लिटरच्या बादलीला साडेबारा मिलिलिटर. सुगंध किंवा साबण मिसळलेलं घरगुती ब्लीच यासाठी चालत नाही. बाटली उघडल्यावर क्लोरीन कमी होत जातो, म्हणून बाटली लहान घ्या आणि उघडल्याची तारीख लिहा. बाहेर ताक किंवा ज्यूस घेताना बर्फाकडे पाहा: महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यास अयोग्य बर्फ निळसर रंगाचा असायला हवा असा नियम आहे. पण बर्फ पांढरा असला म्हणजे तो शुद्ध पाण्याचा, असा अर्थ होत नाही. कच्च्या अंड्याचं मेयॉनीज बाहेर खाऊ नका, वसतिगृहात बनवू नका. केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली ती साल्मोनेलाच्या धोक्यामुळेच.

मेस कंत्राटदाराकडून तीन गोष्टी मागा: भिंतीवर लावलेला एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस. इथे एक चूक डॉक्टरांकडूनही होते. कामगारांची विडाल ही टायफॉइडसाठीची रक्तचाचणी करून ‘निगेटिव्ह’ असा शेरा मारतात. विडालवरून टायफॉइडचा वाहक (स्वतः आजारी नसून जंतू पसरवणारा माणूस) ओळखता येत नाही. तो जंतू पित्ताशयात राहतो आणि विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे संशय असेल तर विष्ठेचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं), तेही एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. त्याहून उपयोगी म्हणजे रोज सकाळी कामावर येताना तीन प्रश्न: जुलाब-उलटी झाली का, हातावर जखम किंवा फोड आहे का, ताप आहे का? जुलाब थांबल्यापासून ४८ तास त्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही, आणि त्या दोन दिवसांचा पगार कापायचा नाही. पगार कापला की कोणीही खरं सांगणार नाही. नियम करताना ही बाब सगळ्यात आधी ठरवा.

आता पुढच्या फेरीची प्रश्नावली. ‘तुम्ही जेवणाआधी हात धुता का?’ याला उत्तर ‘हो’च येतं. सवयी कालच्या दिवसावर विचारा: काल रात्रीचा डबा किती वाजता आला, किती वाजता उघडला, मध्ये कुठे होता, उरलेलं काय केलं? वेळा लिहून आल्या की तुम्हाला मोजता येणारी गोष्ट मिळते. ज्ञानाचे प्रश्नही प्रसंगावर बांधा. ‘रात्री नऊला शिजलेला भात सकाळी सातपर्यंत ओट्यावर होता, कडक फोडणी दिली तर तो सुरक्षित आहे का? कारण लिहा.’ जंतूचं नाव आलं पण निर्णय चुकला, तर गुण नाही. सोबत प्रत्यक्ष निरीक्षण हवंच: दुपारी एक ते दोन मेसच्या बेसिनपाशी बसा, नावं न लिहिता किती जण आले, किती जणांनी साबण वापरला, साबण होता का, हे मोजा. यासाठीही संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते. नमुन्याचा आकार काढताना प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली तर ३८४ येतो, पण वसतिगृहात ५०० च मुलं असतील तर मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती (एकूण संख्या लहान असताना नमुना कमी करायचं सूत्र) लावून साधारण २१८ पुरतात. वर्षानुसार वेगवेगळी आकडेवारी काढा. इंटर्नना माहिती जास्त असते आणि वेळ सगळ्यात कमी, त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत मिसळलं तर दोन्ही चित्रं पुसली जातात.

मेसच्या अन्नाचं तापमान टोकदार प्रोबच्या डिजिटल थर्मामीटरने घ्या; तो काही शे रुपयांत मिळतो. आधी तपासा: ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात ० दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासत असाल तर उंचीचा विचार करा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, तिथे १०० दाखवणारा थर्मामीटर चुकीचा आहे. टोक भांड्याच्या मध्यात घाला, तळाला टेकवू नका, आणि प्रत्येक पदार्थानंतर स्पिरिटने पुसा.

शेवटचा मुद्दा स्वतःच गोळ्या घेण्याचा. पोट बिघडलं की खोलीतच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल ही अँटिबायोटिक आणि जोडीला जुलाब थांबवणारं लोपेरामाइड, हे वसतिगृहात सर्रास चालतं. टॉक्सिनच्या विषबाधेत अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर लोपेरामाइड धोक्याचं आहे. वसतिगृहाच्या दृष्टीने याहून मोठं नुकसान असं की वीस मुलं वीस खोल्यांत आपापली गोळी घेतात आणि साथ आहे हेच कोणाला कळत नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, प्रत्येक जुलाबानंतर पेला भरून, आणि मजल्याच्या प्रतिनिधीला निरोप, एवढं प्रत्येकाने करायचं. रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा पाणीही न टिकणं यांपैकी काही असेल तर कॅज्युअल्टीत जायचं.

एकाच रात्री दोघांहून जास्त जणांना त्रास झाला तर यादी करा: नाव, खोली, लक्षणं सुरू झाल्याची वेळ, काय-काय खाल्लं. न आजारी पडलेल्यांचीही यादी तितकीच लागते, आणि ती करायला सगळे विसरतात. समजा १२० जण जेवले. पनीर खाल्लेल्या ८० पैकी ४० आजारी, न खाल्लेल्या ४० पैकी ४ आजारी. म्हणजे ५० टक्के विरुद्ध १० टक्के, सापेक्ष धोका ५ (पनीर खाणाऱ्यांना आजार पाचपट). प्रत्येक पदार्थाचं असं कोष्टक करा. लक्षणांच्या वेळाही सांगतात: दोन-चार तासांत उलट्या असतील तर अन्नातच तयार झालेलं टॉक्सिन, आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब पण उलटी नाही तर परफ्रिन्जेन्सचा संशय, बारा ते छत्तीस तासांनी तापासह असेल तर साल्मोनेलासारखा जंतू. यासाठी मेसने रोज प्रत्येक पदार्थाचा १०० ते २०० ग्रॅम नमुना उकळून घेतलेल्या झाकणाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून, ७२ तास फ्रिजमध्ये ठेवायचा. साथ आली तर कंत्राटदार सगळ्यात आधी पातेली घासतो, तेव्हा हाच नमुना उरतो. विष्ठेचे नमुने अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्या आणि प्रयोगशाळेत लगेच पोहोचत नसतील तर कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जंतू टिकवणाऱ्या माध्यमात) टाका. त्याच दिवशी वॉर्डन, पीएसएम विभाग आणि जिल्ह्याचं साथरोग सर्वेक्षण पथक यांना कळवा. अन्नाचे नमुने कायदेशीरपणे घ्यायचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला आहे. त्याला फोन करा आणि तो येईपर्यंत मेसचा फ्रिज कोणालाही साफ करू देऊ नका.